उजेडाला धरलेली नोट

श्रीरामपुरात एडविन अमोलिकांना ओळखणारी माणसं दोन प्रकारची होती. काही जण त्यांना साखर कारखान्याच्या लॅबमधले केमिस्टसाहेब म्हणून ओळखत आणि बाकीचे नोटावाले म्हणून. निवृत्तीनंतर पहिल्या प्रकारचे लोक कमी होत गेले आणि नोटावाले हेच नाव मागे उरलं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. उसाच्या रसातली साखर तपासण्यात उभा जन्म गेला होता, पण जीव रमला होता तो नोटांत.

फार पूर्वी कारखान्यात नवं मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. जाताना त्याने आपल्या देशाची एक नोट एडविनच्या हातात ठेवली आणि ती उजेडाला धरून दाखवली. कोऱ्या कागदातून एक राणी हळूच वर आली. ते खूळ त्या दिवशी डोक्यात शिरलं ते कायमचंच. मग झांबिया आला, मंगोलिया आला, हंगेरी, पेरू, फिजी. रोज सकाळी चहा झाला की स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीशी उभं राहायचं, अल्बममधून चिमट्याने एकेक नोट काढायची आणि उजेडाला धरायची. नोटेच्या ज्या कोऱ्या भागात वॉटरमार्क असतो, त्याला ते ‘खिडकी’ म्हणत. खिडकीतून कुणी राजा, कुणी पक्षी डोकावला की त्यांचा दिवस बरा जाई.

“आधी चष्मा पुसा,” मागून बायको, हन्नाबाई, म्हणायच्या. “न्हाईतर त्या राजाच्या तोंडावर तुमच्याच अंगठ्याचा डाग दिसायचा.”

ओट्याकडे वळता वळता आणखी एक टोला असायचाच. “सोताच्या देशाची एक नोट ह्यांच्या खिशात टिकत न्हाई, आन् दुसऱ्यांच्या पलास्टिकात घालून जपत्यात.”

बोलणं खोटं नव्हतं. अल्बममध्ये भारताचं पानच नव्हतं. एडविनच्या लेखी त्या नोटा नव्हत्याच, ते पैसे होते. भाजी आणायची, गॅसवाल्याला द्यायचे, संपले. त्यांना उजेडाला कोण धरतो?

हन्नाबाई पुणतांब्याच्या. दवाखान्यात नर्स म्हणून राबल्या आणि अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातून झाली. जन्मलेलं पोर एकदा हातात घेतलं की ते मिशा फुटल्यावरही त्यांना बाजारात ओळखू यायचं. “सूर्यभानचा थोरला ना तू? उलटा आल्तास बाबा, लई दमवलं आईला,” असं भर बाजारात ऐकून भलेभले लाजायचे. अशी ही बाई चेहरे विसरायला लागली, तेव्हा एडविनना ते आधी खरंच वाटेना.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवून समजावलं. कुणाची नावं जातात, कुणाचे रस्ते जातात, यांचे चेहरे चाललेत. आणखी जातील.

“मला विसरेल का?” एडविननी विचारलं.

डॉक्टर औषधांच्या वेळा सांगायला लागले.

पहिली गेली ती दूधवाली रंगुबाई. एका सकाळी हन्नाबाईंनी दार उघडलं, तिच्याकडे नीट बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं, “कोण पायजे तुमाला?”

“आवो बाई, मी रंगुबाई. रोज दूध घालतीया की.”

हन्नाबाईंनी पातेलं पुढे केलं नाही. रंगुबाई पायरीवर बसून रडली. तिचं पहिलं लेकरू याच बाईने जगात आणलं होतं. एडविननी तिच्या हातून दूध घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झांबियाची नोट उजेडाला धरली. तिच्या खिडकीत गरुडाचं डोकं असे. आज तिथे एक बाई होती. कपाळापर्यंत ओढलेला पदर, हनुवटीवर गोंदलेले ठिपके. रंगुबाई.

एडविननी चष्मा पुसला. भिंग घेतलं. नोट उलटी धरली, आडवी धरली, निळ्या उजेडाच्या बॅटरीखाली बघितली. ठिपके जिथल्या तिथेच होते. आपले डोळे गेले असं त्यांनी ठरवलं आणि नोट घेऊन स्टँडजवळ हारिसकडे गेले. हारिसचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. नोटांचा नाद असलेला त्यांच्या ओळखीतला तेवढाच एक जण.

हारिसने ती दुकानातल्या दिव्यासमोर धरली. “काका, याच्यात तर गरुड असतो ना? ही बाई कुठली?”

“छापण्यातली चूक असेल,” एडविन म्हणाले आणि नोट खिशात घालून बाहेर पडले.

मग हन्नाबाईंच्या सख्ख्या बहिणीचा चेहरा गेला. पुणतांब्याहून पेरू घेऊन आली होती बिचारी, परक्यासारखी चहा पिऊन परत गेली. ती हंगेरीच्या नोटेत सापडली. आणि दिवाळीच्या जरा आधी, पुण्याहून मुलगा आला.

पॉल बॅग खांद्याला लावून दारात उभा राहिला. “मम्मी.”

“आपण कुणाकडं आलात?” हन्नाबाई म्हणाल्या.

एडविन तसेच आत गेले आणि त्यांनी अल्बम उघडला. मंगोलियाच्या खिडकीतला राजा निघून गेला होता. तिथे पॉल होता, कपाळावर लहानपणच्या खोकेच्या व्रणासकट. चिमटा अजून हातातच होता, तेवढ्यात हन्नाबाई मागून आल्या. नवऱ्याच्या हातातली नोट त्यांनी सहज काढून घेतली आणि उजेडाला धरली. त्यांचा चेहरा उजळला.

“पॉल, किती वाळलास रे. जेवत न्हाईस का येळेवर?”

खरा पॉल त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीत होता. हातातला चहाचा कप त्याने हळूच ओट्यावर ठेवला.

“पप्पा, हे काय आहे?”

“ठाऊक नाही,” एडविन म्हणाले. खरंच ठाऊक नव्हतं. पॉल अंगणात निघून गेला.

त्यानंतर एडविनची सकाळ बदलली. आधी खिडकीतून कुणी डोकावलं की त्यांना आनंद व्हायचा. आता प्रत्येक नोट ते भीत भीत उचलत. राणी दिसली की ते सुटकेचा श्वास टाकत, मासा दिसला की देवाचे आभार मानत. ते स्वतःला शोधत होते, आणि सापडू नये म्हणून प्रार्थना करत होते. बाकी काही विसरली तरी चालेल, पण या बाईने आपल्याला ‘कोण पायजे’ म्हणू नये, एवढंच त्यांचं देवाजवळ मागणं होतं.

मग त्यांच्या मनात एक विचार आला. चेहरा जायला जागा लागते. घरात नोटेची एकही मोकळी खिडकी उरली नाही, तर तो जाईल कुठे? प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाने असा विचार करावा याची त्यांना लाज वाटली. पण लाजेने त्यांना अडवलं नाही. रंगुबाई, मेहुणी आणि पॉल यांच्या तीन नोटा त्यांनी काढून हन्नाबाईंच्या पेटीत, नर्सच्या जुन्या टोपीखाली ठेवल्या. बाकीचा अल्बम फडक्यात गुंडाळला आणि हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाला चर्चमध्ये नेला.

सणाचा लिलाव नेहमीसारखा रंगात आला होता. भोपळे, अंडी, उसाच्या मोळ्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. देवाला वाहिलेलं जे ते हातात उंच धरून पाळकसाहेब बोली पुकारत होते. अल्बम उंच धरला तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. नोटावाल्याने नोटा वाहिल्या? जामखेडकडून पाहुणा आलेल्या एका डाळिंबवाल्याने नातीसाठी म्हणून तो घेतला.

फाटकाशी हारिस थांबला होता. “काका, उभा जन्म दिलात की देऊन. बदल्यात काय मिळालं?”

“मिळालं तर कळेलच,” एडविन म्हणाले.

आणि मिळालं. दिवस जात राहिले आणि हन्नाबाई त्यांना ओळखत राहिल्या. सकाळी सवयीने ते खिडकीशी रिकाम्या हातांनी उभे राहत आणि मागून आवाज येई, “आधी चष्मा पुसा.” ते पुसत. पुसायला काही कारण नसतानाही पुसत. नाताळाला त्यांनी नवा शर्ट घातला, तेव्हा हन्नाबाई कॉलर नीट करत म्हणाल्या, “चांगले दिसताय. लग्नात न्हवता इतके.” एडविन बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, लहान मुलासारखे रडले.

जानेवारीत थंडी वाढली. हन्नाबाईंना तिळगूळ करायची लहर आली. हात सगळं विसरले नव्हते. “गूळ पिवळा आणा,” त्यांनी बजावलं. “आन् लवकर या.”

बजरंगचं किराणा दुकान कोपऱ्यावरच होतं. त्याने गूळ फोडला, तोलला, कागदात बांधला. एडविननी खिशातून पाचशेची नोट काढून दिली. बजरंगने ती दोन्ही हातांनी ताणली आणि सवयीप्रमाणे उजेडाला धरली. सगळेच दुकानदार धरतात.

त्याने ती खाली घेतली नाही.

“साहेब,” तो म्हणाला, “जरा इकडं तोंड करता का?”

एडविननी केलं. बजरंगने नोटेकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, परत नोटेकडे.

“चष्मा काढून दावा बरं. ह्यात बी हाच हाय.”

त्यांनी काढला. घाईने परत घातला तेव्हा डाव्या काचेवर अंगठा उमटला. बजरंगने नोट काउंटरवर ठेवली आणि बोटाने त्यांच्याकडे सरकवली.

“ही ऱ्हाऊ द्या. गुळाचं मागनं बघू.”

एडविननी नोट उजेडाला धरली नाही. गरज नव्हती. ज्यांना ते नोटा म्हणत नव्हते, त्या नोटा इतके दिवस त्यांच्याच खिशात होत्या.

ते घरी आले. हन्नाबाई ओसरीवर तीळ निवडत बसल्या होत्या. फाटक वाजल्यावर त्यांनी वर बघितलं.

“कोण पायजे?”

“हन्ना.”

“साहेब दुकानात गेल्यात,” त्या म्हणाल्या. “बसा की. येतीलच.”

पाहुण्यांची खुर्ची त्यांनी स्वतः उठून पुढे केली. एडविन बसले. गुळाचा पुडा त्यांनी मांडीवर ठेवला. डाव्या काचेवरच्या डागातून तिचं तोंड अर्धं पुसट दिसत होतं.

त्यांच्या मुठीतली नोट तिने बघितली. आजाऱ्याच्या हातून एखादी वस्तू काढून घ्यावी तशी तिने ती हलकेच सोडवून घेतली आणि उन्हाकडे धरली.

“हे काय,” ती हसली. “आले की.”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“आधी चष्मा पुसा,” ती नोटेला म्हणाली, आणि नोटेची खिडकी हळूहळू पुसायला लागली.

एडविन हललेही नव्हते. पण डाव्या काचेवरचा डाग गेला, आणि तिचं तोंड त्यांना एकदम स्वच्छ दिसलं.