तीस फुटांत तीन खोल्या

नकाशेवालीने पर्समधून राजीनामा काढून बाईंच्या टेबलावर ठेवला, तेव्हा भाऊजींनी आधी अभिनंदन केलं आणि मग विचारलं, कशाबद्दल ते.

इमारतींचे नकाशे काढण्यात तिची नऊ वर्षं गेली होती. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून घरून काम हवं होतं. ऑनलाइन दोन ठिकाणी तिची निवड झाली होती, पण त्यातली खरी कोणती हे कळत नव्हतं. राजीनामा पाचपर्यंत साहेबांकडे द्यायचा होता. खोट्या भरवशावर दिला, तर असलेली नोकरीही जाणार होती.

बाई पूर्वी गणित शिकवायच्या, आता खासगी तपास करत. भाऊजी त्यांचे दीर आणि मदतनीस. अंदाज बांधण्यात कायम पुढे.

बाईंनी दोन्हीकडची हकिकत नीट काढून घेतली. पहिल्या कंपनीचं पत्र देखणं होतं. सगळं बोलणं लेखी, चॅटवर. चाचणीसाठी एका घराचा नकाशा काढायला दिला होता: आतली लांबी तीस फूट, एका ओळीत तीन खोल्या, बारा, दहा आणि दहा फुटांच्या. नकाशा पाठवल्यावर दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘दिलेली सर्व मापे तंतोतंत पाळलीत. उत्कृष्ट.’ आता ओळखपत्र आणि बँकेचे तपशील तेवढे आज चारच्या आत हवे होते.

दुसरीकडच्या मुख्य अभियंता बाईंनी व्हिडिओवर तासभर उलटतपासणी घेतली होती. आपल्याच एका घराच्या नकाशात तिला जिना बसवायला दिला, आणि चढणाऱ्याचं डोकं वर आपटेल म्हणून तो पुन्हा काढायला लावला. मग दोन ओळींचं कोरडं पत्र. मागितलं काहीच नाही.

“दुसरी खोटी, वहिनी,” भाऊजी म्हणाले. “नोकरी देणारं माणूस इतकं टोचून बोलेल का?”

बाईंनी पत्रांवरचे नंबर बाजूला ठेवले, व्यावसायिकांच्या छापील सूचीतून दोन्ही कंपन्या शोधल्या आणि आतल्या खोलीत जाऊन फोन केला. बाहेर येऊन एकच प्रश्न विचारला.

“तिसरी खोली किती फुटांची काढलीत?”

“आठ. बेरीज बत्तीस होते, बसणार कशी? तशी टीपही लिहिली होती.”

भाऊजी बोटांवर मोजू लागले.

“म्हणजे ती मापं पाळणं शक्यच नव्हतं,” बाई म्हणाल्या, “तरी ती पाळल्याबद्दल शाबासकी आली. तुमचा नकाशा कुणी उघडलाच नाही. त्यांना तुमचं काम नकोय, कागदपत्रं हवीत. म्हणून तर चेहरा नाही, आवाज नाही, आणि चारची घाई. चूक काढायची तर नकाशा वाचावा लागतो, भाऊजी. तो दुसरीने वाचला. अर्थात खडूस असणं हा काही पुरावा नव्हे. सूचीत पहिल्या कंपनीचा पत्ताच नाही. दुसरीला फोन लागला, आणि पत्र आपणच दिल्याचं त्यांनी सांगितलं.”

नकाशेवाली खजील होईल असं भाऊजींना वाटलं होतं. ती ताठ बसली. नऊ वर्षांत न बघता कुणी तिचं काम पास केलं नव्हतं, म्हणाली, आणि यापुढेही करू देणार नाही. पहिल्या कंपनीची तक्रार तिने तिथेच बसून ऑनलाइन नोंदवली.

मग अभियंता बाईंना फोन लावला. महिन्याभराने रुजू होईन, जिन्याचं तुमचं बरोबर होतं, असं सांगून ती थांबली.

“पण तुमच्या मूळ नकाशात न्हाणीघराचं दार पूर्ण उघडत नाही. बेसिनला अडतं. ते मी बदलणार.”

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज झाला.

“तो नकाशा तुमच्यासाठी ठेवते,” कोरडा आवाज म्हणाला. “तोवर कुणी हात लावणार नाही.”