तीन नंबरचं विरजण

बसा, घाबरू नका. भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही मी; शेवाळ पाळणारा आहे. कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं घाण पाणी आमच्या टाक्यांत येतं. शेवाळ ते पिऊन माजतं, मग ते पिळून तेल काढायचं आणि त्यावर कारखान्याच्या गाड्या पळवायच्या. नवी टाकी लावायची तर जुनीतलं हिरवं पाणी तिच्यात ओततात. आम्ही त्याला विरजणच म्हणतो.

माझा दादा गेल्या वर्षी तीन नंबरच्या टाकीत बुडून गेला. टाकी रिकामी करा, असा हुकूम आला. केली मी, पण त्यातल्या हिरव्या पाण्याचा एक कॅन मागे जगवून ठेवला. विरजण जोरकस होतं हो, फेकायला जीव होईना.

दादाच्या जागी वहिनी कामाला लागली. मागच्या महिन्यात तेजाबाचं पाणी शिरून मोठी टाकी मेली, तेव्हा मी अक्कल गहाण ठेवून तोच कॅन तिच्यात ओतला. तिसऱ्या दिवशी टाकी हिरवीगार!

उन्हात शेवाळ हवा सोडतं, तेव्हा पाण्यातल्या प्राणवायूचा काटा चढायला हवा. इथे भर दुपारी तो उतरायचा... चढायचा... पुन्हा उतरायचा. कुणी श्वास घेतंय जणू. आणि वहिनी डबा घेऊन काठावर बसायची, पाण्याशी हळू आवाजात बोलायची. पंधरा दिवसांत निम्मी झाली बिचारी. दादा गेला, आता हीही हातची जाणार!

मी ब्लीचिंग पावडरचं पोतं उचललं.

"भावजी, नका..." वहिनी पुटपुटली. "गुदमरतील ते."

"वहिनी, खुळ्यासारखं करू नकोस. शेवाळ आहे ते."

अर्धं पोतं ओतलं. काटा थांबला. सुटलो एकदाचा, म्हणून वळलो, तर वहिनी खाली कोसळलेली. ओठ निळे, श्वास आत जाईना. मी वेड्यासारखा चांगल्या पाण्याचा नळ सोडला, टाकी भरून वाहू दिली. बऱ्याच वेळाने काटा हलला... आणि वहिनीने धाप टाकली.

तेव्हापासून मीच ती टाकी तळहाताच्या फोडासारखी जपतोय. म्हणा मला मूर्ख.

काल दुपारी वहिनी खुर्चीत डोळे मिटून बसली होती. मी सहज तिच्या नाकापाशी हात धरला... काहीच नाही. कितीतरी वेळ काहीच नाही. टाकीवरचा काटा मात्र संथपणे वर-खाली होत होता.

"जेवलात का, भावजी?" तिने डोळे न उघडता विचारलं.