सात मोजेपर्यंत

आलेली बाई खुर्चीत बसली नाही. खुर्चीत भावजी अडकले होते.

टेबलपंख्याची लांब वायर गुंडाळून ठेवा, असं वहिनींनी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. भावजींनी कोपराभोवती वेटोळी घालत ते काम चोख केलं होतं. आज ती सोडवताना तिच्यात तेरा गाठी, एक खुर्ची आणि भावजींचा डावा पाय निघाला. भावजी विमा विकत. आजवर त्यांनी एकच पॉलिसी विकली होती, ती स्वतःला, आणि तीही बायकोने रद्द करायला लावली होती. म्हणून ते थोरल्या भावाच्या बायकोच्या तपास कचेरीत मदतीला बसत. भावजींच्या तोंडून ऐकून ऐकून सगळं गाव तिला वहिनी म्हणे. चोरसुद्धा.

"माझ्या मुलाला धरलंय," बाई उभ्यानेच म्हणाली. "तो सिलिंडर पोचवतो. गणिताच्या बाईंची बोटं त्यानेच मोडली म्हणतात."

भावजींनी पाय सोडवणं थांबवलं. प्रकरण सगळ्यांनाच ठाऊक होतं. निवडणुकीत नेते तीनशे अकरा मतांनी पडले होते. मोजणीच्या टेबलावर प्रमुख होत्या शाळेतल्या गणिताच्या बाई. पडल्यापासून नेते निवडून आल्यापेक्षा जास्त बोलत होते. चार महिन्यांत एक्केचाळीस सभा, आणि प्रत्येक सभेत तीच बाई. परवा संध्याकाळी सात वाजता कोणीतरी बाईंच्या घरात शिरला, त्यांचा उजवा हात टेबलाच्या खणात धरला आणि खण लाथेने बंद केला. चार बोटं गेली.

"मोडली का त्याने?" वहिनींनी विचारलं.

"तोंडाने तो सगळ्यांची मोडतो. चौकात उभा राहून म्हणाला होता, त्या बाईला बघून घेतो. मला रोज म्हणतो, घर सोडून जातो. एकोणतीस वर्षं झाली, अजून आहे."

वहिनींनी पर्स उचलली. "भावजी, चला. खुर्ची इथेच ठेवा."

*

गणिताच्या बाईंच्या घराचं दार निळं होतं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि त्या डाव्या हाताने पेपर तपासत होत्या. बरोबरच्या खुणा आडव्या पडत होत्या.

"दिवा लावून इथेच बसले होते," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस पेपर झाले होते. एकोणतिसाव्यात त्रिकोणाला चार कोन होते, त्यामुळे पावलं ऐकूनही मान वर केली नाही. त्याने वायर खेचली, दिवा गेला. डोक्यात हेल्मेट होतं."

"काही बोलला?"

"नेत्यांचं वाक्य. 'ज्या बोटांनी तुमची मतं गिळली, त्या बोटांचं काय करायचं?' आणि थांबला."

"थांबला म्हणजे?"

"एका हाताने माझा हात खणात दाबून धरला होता. दुसऱ्या हाताचं बोट टेबलावर वाजवत होता. टक, टक. मला वाटलं, मी उत्तर द्यावं म्हणून थांबलाय. सात वेळा वाजवलं. मी मोजते हो, सवय आहे. सातनंतर लाथ मारली."

बाईंनी हे भूमितीचं प्रमेय सांगावं तसं सांगितलं. भावजींना कुठे बघावं कळेना, म्हणून ते टेबलाच्या कोपऱ्यात बघू लागले. तिथे दिव्याची लांब वायर गोल, नीटस गुंडाळून ठेवली होती.

"ही तुम्ही गुंडाळली?" वहिनींनीही तिकडेच पाहिलं होतं.

"मी? वर्षभर ती स्वयंपाकघरापासून इथपर्यंत जमिनीवर लोळत होती. आलेला प्रत्येक जण तिला अडखळायचा. शेजारणी धावत आल्या तेव्हा ती अशीच होती. फौजदारांना वाटलं, मीच आवरलं."

"मोडक्या हाताने?"

"त्यांना वाटलं, शिक्षिका आहे, शिस्तीची असेल."

वहिनींनी वेटोळं उचललं, एक टोक धरलं आणि बाकीचं दाराकडे भिरकावलं. वायर एकही पीळ न पडता सरळ रेषेत उंबऱ्यापर्यंत गेली. भावजींच्या मनात शुद्ध मत्सर दाटून आला.

निघताना ते काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "बाई, तीनशे अकराच होती ना पण?"

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"तेव्हा तीनदा मोजली होती," बाई म्हणाल्या. "आता डाव्या हातावर मोजते. उत्तर तेच येतं."

*

सिलिंडरवाला कोठडीत गजांना धरून फौजदारांना बघून घेण्याची भाषा करत होता. फौजदार शांतपणे नखं कापत होते.

"नेत्यांच्या सभांना जातोस?" वहिनींनी विचारलं.

"संध्याकाळी तुमचे सिलिंडर मग कोण चढवणार? चौथ्या मजल्यावरची गिऱ्हाइकं नेमकी सातलाच मागवतात. मी फोनवर बघतो. तेवढाच तुकडा असतो. ते विचारतात, बोटांचं काय करायचं, आणि लोक लगेच ओरडतात, तोडा."

"लगेच?"

"लगेच. मध्ये शिंकायलाही जागा नाही."

वहिनींनी फौजदारांच्या टेबलावरची दोरी गजांतून आत दिली. "गुंडाळ."

त्याने ती कोपर आणि पंजा यांच्याभोवती भराभर गुंडाळली. अगदी भावजींसारखी. भावजींना तो एकदम निर्दोष वाटू लागला.

"वहिनी," फौजदार म्हणाले, "आरोपीच्या हातात दोरी देणं नियमात बसत नाही."

"निरपराध माणसाला आत बसवणं तरी कुठे बसतं?"

*

नेत्यांच्या कचेरीत चिटणीस भेटले. भाषणं तेच लिहीत. परवा संध्याकाळी ते आणि नेते परगावी एका लग्नात तीनशे माणसांसमोर जेवत होते, आणि त्याचे फोटो त्यांनी न मागताच दाखवले.

"ते बोटांचं वाक्य तुमचं?"

"माझं," चिटणीस लाजले. "टाळीचं वाक्य आहे. उत्तर लोकच देतात, आम्ही शब्दही उच्चारत नाही. वकिलाला विचारून लिहिलंय."

"आणि हे?" वहिनींनी भाषणाच्या कागदावर बोट ठेवलं. 'ती बाई तिसऱ्या गल्लीत, निळ्या दाराच्या घरात आज सुखाने चहा पीत असेल.'

"तपशील लोकांना आवडतो. चित्र उभं राहतं."

"राहिलं," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी सभेचं अख्खं ध्वनिमुद्रण मागितलं. ते मागच्या खोलीत माइकवाल्याकडे होतं. मृदू आवाजाचा, अदबशीर माणूस. भिंतीवर खिळ्यांना वायरींची वेटोळी टांगलेली, सगळी एका मापाची. त्याने वहिनींना स्टूल पुसून दिलं आणि भावजींच्या पायाशी पडलेली वायर आधी उचलली. "पाय अडकेल, दादा."

भावजींना त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. आपल्या पायांची इतकी काळजी आजवर कोणी केली नव्हती.

वहिनींनी तो भाग पाच वेळा ऐकला. नेते विचारत, मग लांबलचक शांतता, मग गर्दीची गर्जना. भावजींनी घड्याळ लावलं. सात सेकंद.

"फोनवर ही शांतता नाही," वहिनी म्हणाल्या.

"ती चिटणीस कापतात. फोनवर लोकांना धीर नसतो. सभेत मात्र हवी. नेते थांबले की त्यांचा माइक खाली आणि लोकांकडे तोंड केलेला माइक वर घ्यावा लागतो, हळूहळू. एकदम वर घेतला तर शिट्टी वाजते."

"एक्केचाळीस सभा तुम्हीच केल्यात?"

"एकही चुकली नाही."

"आणि परवा संध्याकाळी?"

"इथेच होतो. ॲम्प्लिफायर दुरुस्त करत होतो."

बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "सज्जन माणूस. मला तर चिटणीसाचाच संशय येतो."

"भावजी, उद्याच्या सभेला येताना बाईंची वायर आणा. आणि तुम्हाला गुंडाळता येते तशीच ती गुंडाळायची आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांची पद्धत मागितली होती. भावजींचा ऊर भरून आला.

*

बेचाळिसावी सभा. व्यासपीठामागच्या तंबूत नेते घशाला मध लावत होते. चिटणीस कागद लावत होते. माइकवाला कोपऱ्यातल्या टेबलावर कानाला यंत्र लावून बसला होता. बाहेर मैदान गच्च भरलं होतं. फौजदार वहिनींच्या आग्रहाखातर आले होते आणि पुढाऱ्यासमोर कुठल्या पायावर उभं राहावं हे ठरवत होते.

"पाच मिनिटं देतो," नेते म्हणाले. "बाईंचं वाईट वाटतं. पण माझा काय संबंध? 'तोडा' हा शब्द मी एकदा तरी उच्चारलेला दाखवा. दोन लाख माणसांनी माझं भाषण ऐकलं. दोन लाख माणसं तिच्या घरी गेली का?"

"नाही. एकच गेला," वहिनी म्हणाल्या. "भावजी, वायर."

भावजींनी पिशवीतून बाईंची वायर काढली आणि जीव ओतून ती कोपराभोवती गुंडाळायला लागले. चौथ्या वेटोळ्याला पीळ पडला. सहाव्याला गाठ बसली. आठव्याला कोपऱ्यातून हात आला.

"असं नाही, दादा. वायर मरते." माइकवाल्याने ती काढून घेतली. एक वेटोळं वरून, दुसरं आतून उलटं, पुन्हा वरून. बघता बघता गोल, नीटस चकती झाली आणि त्याने ती टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली.

फौजदारांनी ती चकती बाईंच्या टेबलावर जशीच्या तशी पाहिली होती.

वहिनींनी टोक धरून ती भिरकावली. वायर सरळ नेत्यांच्या बुटांपर्यंत गेली.

"ज्याने बाईंची बोटं मोडली, त्याने जाण्याआधी वायर आवरली. सिलिंडरवाला कोपराभोवती गुंडाळतो, तुम्ही-आम्हीही तसंच करतो. अशी, पीळ न पडता, माइकवाल्यांची जमातच गुंडाळते, आणि तिच्याच्याने जमिनीवर वायर पडलेली बघवत नाही. दुसरं. त्याने नेत्यांचं वाक्य म्हटलं आणि सात ठोके थांबला. फोनवर बघणाऱ्याला ही शांतता माहीतच नाही. सभेला येणाऱ्याला माहीत असेल, पण तो मोजत बसत नाही, ओरडायची वाट बघतो. मोजावं कोणाला लागतं? ज्याला सातापर्यंत लोकांचा माइक वर आणायचा असतो, त्याला. वाक्य लिहिणारे आणि म्हणणारे त्या वेळी लग्नात जेवत होते. राहिला कोण?"

माइकवाल्याने कानावरचं यंत्र काढून नीट खाली ठेवलं.

"पहिल्या सभेला मला हसू आलं होतं," तो त्याच मृदू आवाजात म्हणाला. "दहाव्याला पाठ झालं. मग झोप जाऊ लागली. हे दर सभेला विचारतात, काय करायचं. पाच-पाच हजार माणसं दर वेळी सांगतात. आणि दुसऱ्या दिवशी कोणी काही करत नाही, पुन्हा तोच प्रश्न. एक्केचाळीस वेळा. काम असं लोंबकळत राहिलेलं मला बघवत नाही."

"त्या बाईंनी तुमचं काय केलं होतं?" भावजींनी विचारलं.

"मी त्यांना ओळखतही नाही," माइकवाला म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

नेत्यांनी चिटणीसाकडे पाहिलं. "हा कोण? आपला आहे?"

"माइकवाला आहे."

"भाड्याचा ना? मग लिहून घ्या, आमचा याच्याशी संबंध नाही."

माइकवाला त्यांच्याकडे बघत राहिला. चार महिने त्याने त्या माणसाचा श्वाससुद्धा सांभाळून वर-खाली केला होता.

वहिनी नेत्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दोन लाख लोकांनी एकदा ऐकलं आणि घरी जाऊन जेवले. याने एक्केचाळीस वेळा ऐकलं, कानाला लावून, आवाज मोठा करून. तुम्ही प्रश्न विचारलात. उत्तर कोणतं येणार ते तुम्हाला ठाऊक होतं. दाराचा रंग सांगितलात. मग सात सेकंद गप्प बसून हात वर केलेत, तेही वकिलाला विचारून. बाईंचा हात त्या सात सेकंदांत खणात होता. ते सात सेकंद तुमचे आहेत."

"फौजदार," नेते म्हणाले, "माझी वेळ झाली."

"यांना काही नाही?" वहिनी फौजदारांकडे वळल्या.

फौजदारांनी खाली बघितलं. "वहिनी, शब्द लोकांचा. लाथ याची. हे नुसते गप्प बसले. गप्प बसण्यावर कलम नाही. सिलिंडरवाल्याला मी आत्ता सोडतो, तेवढं माझ्या हातात आहे."

त्यांनी माइकवाल्याला बेड्या घातल्या. जाताना त्याने वाकून, बांधलेल्या हातांनीच, ती वायर गुंडाळली आणि भावजींच्या हातात दिली. "बाईंना परत करा."

नेते व्यासपीठावर चढले. आवाजाच्या यंत्राला तीस बटणं होती आणि त्यातलं कुठलं काय करतं, हे जाणणारा पोलिसांच्या गाडीत बसला होता. चिटणीसांनी सगळी दाबून पाहिली. एक शिट्टी वाजली, मग काहीच नाही.

नेत्यांचं तोंड हलत राहिलं. आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नव्हता. भावजींना आनंद झाला. "वहिनी, बघा. मुका झाला."

वहिनी गर्दीकडे बघत होत्या.

व्यासपीठावर नेत्यांनी हात वर केला, एक बोट हवेत धरलं आणि ओठ मिटले. मैदान चिडीचूप झालं. मागच्या रांगांना एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. हात तेवढा दिसत होता.

भावजी मनात मोजत होते. पाच. सहा. सात.

"तोडा," मैदान म्हणालं.

वहिनींनी मान वळवून भावजींकडे पाहिलं. वायर छातीशी धरून ते उभे होते. ध्वनिमुद्रण त्यांनी फक्त पाच वेळा ऐकलं होतं. आपलेही ओठ हलले, हे त्यांना तेव्हा कळलं.