निनावी श्वास

श्वासमुद्रा प्रयोगशाळेतलं चाचणीचं दार पुन्हा बंद झालं, तेव्हा डॉ. अनसूया हेर्लेकर यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोरची मुलगी दुसरीतली, नाव रेवती, डोक्यावर नुकतं उगवलेलं कोवळं जावळ. तिला हा खेळच वाटत होता. काचेजवळ जाऊन फुंकर घालायची आणि दार सरकून मिटलं की खुदकन हसायचं.

मागे बसलेल्या ॲडव्होकेट रेहाना मुजावर तर खुशीतच होत्या.

"अनसूयाताई, यंत्र चुकत नाही असं तुम्ही कोर्टात शपथेवर सांगितलंत. आता या पोरीचा गुन्हा काय तेवढं सांगा. फार तर शेजारणीच्या बरणीतला लाडू खाल्ला असेल."

अनसूयाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मुलीला बाहेर आईकडे पाठवलं आणि झालं काय ते रेहानाबाईंना नीट विचारून घेतलं.

रेवती मोठ्या आजारातून उठली होती. तिच्या आईने, मंदाने, ग्रामदेवीला नवस बोलला होता की पोर वाचली तर तिच्या हातून तुझी ओटी भरीन. शुक्रवारी मायलेकी खण-नारळ घेऊन गेल्या. देवळाचं दार मंदाला उघडलं आणि रेवतीच्या तोंडावर बंद झालं. पहारेकरी म्हणाला, यंत्र खुळावलं. रांगेतल्या बायका मात्र पदर सावरून मागे सरकल्या. ओटी उंबऱ्याबाहेरच ठेवून दोघी परत आल्या होत्या.

ते दार काय करतं, हे शहरात सर्वांना ठाऊक होतं. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याची श्वासमुद्रा आयुष्यभरासाठी नोंदीत जाई. शाळा, बाग, देऊळ, जिथे म्हणून मुलं जमतात तिथलं दार येणाऱ्याचा श्वास वाचायचं आणि नोंदीतला श्वास दिसला की मिटायचं. पूर्वी ही नोंद नावानिशी, फोटोनिशी लोकांच्या फोनवर असे. एका गावात जमावाने अशा एका माणसाच्या म्हाताऱ्या आईचं घर पेटवलं. तेव्हा अनसूयाबाई कोर्टात गेल्या, लढल्या आणि नोंद निनावी करून घेतली. नाव नाही, पत्ता नाही, फक्त श्वास. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी देवापुढे साखर ठेवली होती.

रेवतीचा बाप, भास्कर तोडकर, याच नोंदीत होता. तो कॉलेजात असताना मंदा त्याच्याबरोबर पळून गेली, तेव्हा तिला अठरा पुरी व्हायला थोडा अवकाश होता. तिच्या वडिलांनी फिर्याद केली. कायद्याने मंदाला तिची मर्जी विचारली नाही. शिक्षा भोगून भास्कर सुटला, दोघांचं रीतसर लग्न झालं, पण नोंद राहिली. ती पुसावी म्हणून रेहानाबाईंनी अर्ज केला. सरकारी तज्ज्ञ म्हणून साक्षीला आल्या त्या अनसूयाबाईच. एकाचा श्वास कधीच दुसऱ्याचा होत नाही, यंत्र चुकत नाही, एवढंच त्यांनी खरेपणाने सांगितलं होतं. अर्ज फेटाळला गेला.

"यंत्र चुकलं म्हणजे नोंदच डळमळली," रेहानाबाई म्हणाल्या. "नवा अर्ज तयारच आहे माझा."

"मुलीला आजार कसला होता?"

"हाडांतला मगजच रक्त करेनासा झाला होता. बापाचा मगज घातला, म्हणून वाचली."

अनसूयाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आपल्या श्वासात बारीक दंव असतं. त्या दंवात रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात, यंत्र त्या वाचतं. त्या तयार कुठे होतात?"

"ताई, मी वकील आहे. मला परीक्षेला बसवू नका."

"हाडांच्या मगजात. मगज बापाचा, म्हणजे पेशीही बापाच्या. यंत्र चुकलेलं नाही, रेहाना. तो श्वास भास्करचाच आहे."

रेहानाबाईंचा चेहरा उतरला. मग नोंदीत शेरा मारा, त्या म्हणाल्या, की ही मुलगी वगळावी.

"कुणाच्या नावापुढे मारू? नावंच नाहीत तिथे. आणि दाराने श्वासाखेरीज काही बघायचं नाही, चेहरा नाही, वय नाही, ही अटही मीच घालून घेतली. तिला दार उघडलं तर त्यालाही उघडेल."

"मग त्यालाही उघडू द्या."

"तेच तर कोर्टाने नाकारलं. माझ्या साक्षीवर." अनसूयाबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अर्ज करा. या वेळी मी तुमच्या बाजूने उभी राहीन."

"यंत्र चुकतं म्हणाल?"

"नाही. यंत्र बरोबर आहे आणि तरीही हे चुकीचं आहे, असं म्हणेन."

भास्कर बाहेर चिंचेखाली बसला होता. आत यायला कुणी अडवलं नव्हतं, पण दारांबाहेर थांबायची त्याला सवयच झाली होती. शाळेचं स्नेहसंमेलन असो की देवीची जत्रा, रेवतीने विचारलं की तो सांगे, तुम्ही जा, मला इथली सावली बरी वाटते. अनसूयाबाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

"म्हंजे माझं तिला लागलं," तो म्हणाला.

"तुमच्यामुळे ती जगली, भास्कर."

"ते हाय. कोर्टाचं काय हुईल ते हुईल. पर बाई, माणूस मेल्यावर नोंद पुसत्यात म्हणं. मी म्हातारा हून मेल्यावर तरी तिची सुटका हुईल न्हवं?"

अनसूयाबाईंना उत्तर ठाऊक होतं, तो नियमही त्यांचाच. नोंदीत नाव नाही, म्हणून मृत्यूचा दाखला कुठल्या श्वासाचा हे कळायला मार्ग नाही. सबब जो श्वास वर्षानुवर्षं कुठल्याच दारावर उमटत नाही, तो माणूस गेला असं समजून मुद्रा पुसायची.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती कुठल्याही दाराशी गेली की नोंदीला वाटेल, तुम्ही आहात. ती जिवंत आहे तोवर तुमची शिक्षा संपायची नाही."

भास्करने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, जणू आपला श्वास आपल्यापाशीच कोंडून ठेवायचा होता.

पायऱ्या उतरून रेवती धावत आली आणि त्याला खेटून बसली. एकदा प्रयोगशाळेच्या बंद दाराकडे, एकदा वर चिंचेकडे बघून म्हणाली, "खरंच की बाबा. इथली सावली बरी आहे."