बासुंदी कुणी केली?

सलाइनची बाटली एका हातात उंच धरून उत्कर्षा वॉर्डाच्या भिंतीच्या आधारानं चालत होती. बाटली निसटणार... तेवढ्यात कुणीतरी ती वरच्यावर झेलली.

"द्या इकडं. मी धरतो."

निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली जागरण. तिला खाटेवर बसवून त्यानं बाटली अडकवली आणि स्टूल ओढलं. "मी डॉक्टर विरुपाक्ष. आरोग्य खात्याचा. रविवारी दुपारी काय काय खाल्लंत?"

"सगळ्या मुलींना पहिल्यांदा हेच विचारता?"

"कालपासून सगळ्यांनाच विचारतोय. पलीकडचे आजोबा तर माझ्याशी बोलायचेच बंद झालेत."

उत्कर्षाला हसू आलं आणि हसता हसता पोटात पुन्हा कळ उठली. त्यानं पाण्याचा पेला पुढं केला.

रविवारी मंद्रूपला, तिच्या घरी, तिला बघायला पाहुणे आले होते. संध्याकाळपर्यंत पाहुणे आणि घरचे, सगळेच उलट्यांनी आडवे. मुलाची आई गुरम्मा अजून अतिदक्षता विभागात होती. इथं सोलापुरात, तिकडं करकंबलाही माणसं अशीच पटापट आजारी पडत होती आणि कशानं ते कळत नव्हतं.

"पुरी, भाजी, भात, बासुंदी," तिनं सांगितलं.

"बासुंदी विकतची?"

शेजारच्या खाटेवर तिची आई कमलम्मा ताडकन उठून बसली. "विकतची कशाला? माज्या पोरीनं केलीय की! पाव्हन्यांना बी आवडली."

"अस्सं? किती वेळ आटवलीत?"

उत्कर्षा गडबडली. "दहा मिनिटं..."

पेन थांबलं. "दहा?"

"गॅस... मोठा होता."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलं. तो उठला आणि दारातून जाताना एकदा वळून बघून गेला. ती लाजली... आणि लगेच तिचं तिलाच कसंसं झालं. बासुंदी तिनं केलीच नव्हती. सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या एका दुकानातून कंपनीचे बंद डबे आणले होते.

दुपारी करकंबहून एक चिमुरडी आली. बापाच्या खांद्यावर मान टाकलेली, डोळे अर्धवट मिटलेले. विरुपाक्ष त्यांच्याबरोबर आत धावला.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, तेव्हा शर्ट घामानं भिजला होता.

"कशी आहे ती?"

"अजून काही सांगता येत नाही." तो स्टुलावर टेकला. "बरेच जण डब्यातल्या बासुंदीचं नाव घेतायत. पण तुमच्याकडची घरची, म्हणून आमच्या साहेबांचा संशय दुधावर गेलाय. उद्यापासून मंद्रूपचं दूध बंद करायचं चाललंय. आणि डबे मात्र विकले जातायत अजून." त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्हाला काही... आठवतंय?"

कमलम्मानं हळूच मान हलवली — नको. दाराशी तिला बघायला आलेला मुलगा फोनवर बोलत उभा होता.

"मी बासुंदी केली नाही," उत्कर्षा म्हणाली. आवाज इतका मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "सात रस्त्यावरून डबे आणले होते. एक अजून घरी फ्रिजमध्ये आहे. न उघडलेला."

"उत्कर्षा!" आई ओरडली.

"अव्वा, त्या पोरीकडं बघितलंस ना?"

कमलम्मानं पदर तोंडाला लावला.

विरुपाक्ष उठलाच. "घराची किल्ली?"

"शेजारच्या काकूंकडं."

तो पळत सुटला. दारातल्या मुलानं फोन खिशात टाकला. "खोटं बोलून पोरगी देणार हुता व्हय?" एवढंच म्हणून तो निघून गेला. संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. स्थळ मोडलं.

कमलम्मा रडली. उत्कर्षाला मात्र करकंबच्या पोरीशिवाय काही सुचत नव्हतं. पावलं वाजली की ती दाराकडं बघायची. दुकानांतले डबे काढून घेतल्याचं नर्सनं सांगितलं, पण तपासणीचा निकाल यायचा होता. आणि विरुपाक्षचा पत्ता नव्हता.

तिला घरी सोडायच्या दिवशी तो आला. दाढी वाढलेली, चेहरा मात्र उजळलेला.

"डबा दूषित निघाला. कारखान्याला टाळं लागलं. मंद्रूपचं दूध चालू आहे. गुरम्माही आता सावरल्यात."

"आणि ती पोरगी?"

"सकाळपासून भांडतेय. घरी जायचंय तिला."

उत्कर्षाचे डोळे भरून आले. तिनं तोंड वळवलं.

"आणखी एक काम होतं..." तो अडखळला. "तुमचा नंबर कागदपत्रांत आहे. पण तो तपासासाठी घेतलेला. त्यावर मी माझ्यासाठी फोन करणं बरं दिसत नाही. म्हणून म्हटलं... विचारावं."

"काय विचारावं?"

"नंबर."

कमलम्मा पिशवी भरता भरता थांबली होती.

"नाही देणार," उत्कर्षा म्हणाली. त्याचा चेहरा पडला. "तुमचा द्या. मला वाटलं तर मी करीन."

त्यानं आकडे सांगितले, एक चुकवला, परत सांगितले. मग घाईघाईनं जिना उतरून गेला.

उत्कर्षा खिडकीशी गेली. खाली रिक्षांच्या गर्दीतून तो फाटकाकडं चालला होता. तिनं नंबर लावला. तो थबकला, खिसे चाचपले, फोन कानाला लावला.

"हॅलो?"

"उत्कर्षा बोलतेय," ती म्हणाली. श्वास लागला होता. "रविवारी मंद्रूपला याल? तपासाला नाही... असंच?"

तो वळला आणि एकेक खिडकी शोधू लागला. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, तरी तो जागचा हलला नाही.

"येतो," तो म्हणाला. "आत्ता निघू का?"