जुन्या पिस्तुलाचं आवाहन

मी देवा, मोजमापांवर विश्वास ठेवणारा माणूस. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटमध्ये राहतो, ट्रेनने वेलिंग्टनला जाऊन पुलांचे आराखडे तपासतो आणि दर शनिवारी क्लबात पिस्तुलाने नेमबाजी करतो. हा नाद माझ्या वडिलांचा. ऐन उमेदीत खडकीला असताना अप्पांकडे पॉइंट टू-टूचं एक पिस्तूल होतं. लायसन्स संपल्यावर त्यांनी ते जमा केलं आणि पुढे आठ दिवस ते धड जेवले नाहीत.

२०१६ साली त्याच कंपनीने ते मॉडेल पुन्हा बाजारात आणलं. अप्पा तेव्हा माझ्याकडे राहत होते आणि हळूहळू सगळं विसरत चालले होते. कधी सुनेचं, विभावरीचं नाव, कधी जेवण झालं की नाही ते. पिस्तूल हातात आलं तर अप्पाही थोडे परत येतील, या भाबड्या आशेने मी ते घेतलं.

अप्पांनी मूठ चाचपली. "रूप तेच. पण आमच्या पिस्तुलाचा चाप मध्येच अडखळायचा. मुठीला टवका होता. यात ते काही नाही रे, देवा."

खंडेनवमीला सकाळी त्यांनी ते पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून आवाहन केलं. नव्या पिस्तुलाचं नव्हे. "माझं जुनं इथे येवो," असं स्वच्छ म्हणाले.

"आजोबा, दॅट्स सो विअर्ड," माझी लेक सिद्धी हसली.

"उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवू नकोस," अप्पांनी मला बजावलं.

पण इथल्या कायद्याने पिस्तूल असं उघड्यावर ठेवून कामावर जाता येत नाही. मी ते पाटावरून उचललं, तिजोरीत कुलूपबंद केलं आणि ट्रेन गाठली. उत्तरपूजा राहिली ती राहिलीच.

शनिवारी चाप मध्येच अडखळला.

"स्प्रिंग बदललीस का, मेट?" क्लबातल्या ब्रूसने विचारलं.

घरी आणून सगळे भाग सुटे केले, मोजले. कशात तसूभर फरक नव्हता. पुढच्या शनिवारी मुठीला टवका दिसला. ताजा नव्हता. कडा झिजलेल्या, आत वर्षानुवर्षांच्या घामाने काळवंडलेलं लाकूड. शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत होता. मी ते तेल कधीच वापरलेलं नाही.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. आनंदच झाला.

रिकामं पिस्तूल अप्पांच्या हातात दिलं. त्यांच्या हाताची थरथर थांबली.

"आलं," ते म्हणाले. मग तासभर ते बोलत राहिले. खडकीतल्या स्पर्धा, सकाळचं धुकं, मित्राबरोबर अर्धा अर्धा प्यायलेला चहा, आईने डब्यात दिलेल्या दशम्या. एक नाव चुकलं नाही. मी लहान मुलासारखा रडलो.

बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. अंगठा माझ्या हनुवटीवरून फिरवला.

"हुबेहूब केलाय," ते विभावरीला म्हणाले. "पण आमच्या देवाला इथे टाके पडले होते. सहावीत, सायकलवरून पडला तेव्हा."

पडलो होतो. तीन टाके. रोज दाढी करताना तिथे जपून हात फिरवतो मी.

हनुवटीला हात लावला. कातडी गुळगुळीत लागली.

विभावरीने पुढे होऊन पाहिलं. मग सिद्धीला जवळ ओढून घेतलं.