पाइल नंबर एकतीस

साइट इंजिनिअर म्हणून त्या दिवशी माझं काम तसं साधंच होतं. एका खड्ड्याची खोली मोजायची, वहीत सही करायची आणि बोरीवलीला घरी जायचं. एवढंच.

चारकोपला खाडीच्या अंगाला आमची साइट होती. सात मजली बिल्डिंग होणार होती, खाली शोरूम आणि वर ऑफिसं. जमीन सगळी भरावाची, त्यामुळे पाया पाइलचा. म्हणजे मशीननं कातळ लागेपर्यंत विहिरीसारखं गोल, अरुंद भोक पाडायचं, त्यात सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि काँक्रीट भरायचं. असे अठ्ठेचाळीस खड्डे होते. तीस भरून झाले होते आणि मी एकतिसाव्यापाशी उभी होते.

या एकतिसाव्यानं दुपारीच चाहूल दिली होती. चार मीटर खाली गेल्यावर मशीनच्या दातांतून काळे घडीव दगड वर आले. एका बाजूनं गोलाई दिलेले, विहिरीच्या बांधकामाचे. त्यामागून चिखल आला. भरतीची वेळ होती, खाडीचा खारट वास सगळीकडे होता, पण या चिखलाला तो वास नव्हता. बंद ट्रंकेत वर्षानुवर्षं राहिलेल्या ओल्या कपड्यांचा असतो तसा वास होता.

"परेश, ही जुनी विहीर आहे. नकाशात दाखवलेली नाही," मी सुपरवायझरला म्हटलं.

"अगं, इथे कुठेही खण, काहीतरी निघतंच. दहा मीटरवर कातळ लागलाय ना? मग झालं तर."

"साहेबांना विचार."

त्यानं फोन लावला. साहेब म्हणाले, थांबायचं नाही. चार वाजता पिंजरा खड्ड्यात उतरला. साडेपाचला काँक्रीटच्या दोन गाड्या आत येऊन घुरघुरत उभ्या राहिल्या.

त्यांच्या मागोमाग सगुणाबाई आत आल्या.

त्या शेजारच्या कोळीवाड्यातल्या. सत्तरीला टेकलेल्या. रोज गेटबाहेर सुकट-बोंबलाची पाटी घेऊन बसायच्या. आमच्या कामगारांना त्यांची सवय झाली होती. त्या दिवशी पाटी तिथेच टाकून, चिखल तुडवत थेट माझ्यापर्यंत आल्या. काढून ठेवलेल्या दगडांतल्या एकावर त्यांनी हात ठेवला आणि तो बराच वेळ उचललाच नाही.

"बाय, विहीर लागली ना?"

मी मान हलवली.

"माजा घो हाय तिच्यात."

मग त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी इथे प्लॉट पाडायला सुरुवात झाली, तेव्हा गावाची विहीर बुजवायचं ठरलं. विहिरीच्या आतल्या कोनाड्यात देवाचा एक दगड होता. तो गाडला जाऊ नये म्हणून त्यांचा नवरा रामचंद्र आदल्या संध्याकाळी दोर बांधून खाली उतरला. घरी कोणाला बोलला नव्हता, फक्त सगुणाबाईंना सांगून गेला होता. रात्री तो परतला नाही, तेव्हा तसाच खाडीवर गेला असेल असं त्यांना वाटलं. सकाळी डंपर आले. सगुणाबाई धावत पोचल्या तोवर अर्धी विहीर भरली होती. दोर काठाला तसाच बांधलेला. त्यांचं कोणी ऐकलं नाही. सगळे म्हणाले, रामचंद्र दुसऱ्या बाईबरोबर पळाला. त्यांचा मुलगा सुयोगसुद्धा तेच ऐकत मोठा झाला. आजही घरात बापाचं नाव काढलं की तो ताटावरून उठतो.

"येक हाड दाव, बाय. पोराला नेऊन दाखवीन. मग काय ता कर."

परेश मागून पुटपुटला, "गाड्या उभ्या आहेत, गंधाली. तासाभरात माल फुकट जाईल. सही कर."

"मी सही करणार नाही. उद्या मशीन लावून बाजूनं खणू. आत माणूस असेल तर पोलिसांना कळवावं लागेल."

"वाट लागेल आपली. साइट सहा महिने बंद पडेल."

"पडू दे."

तो चिडून पुन्हा फोनकडे वळला. उजेड उतरत चालला होता. खाडीकडच्या तिवरांत बगळे बसत होते. शेवटची खोली लिहून ठेवू, उद्या उपयोगी पडेल, म्हणून मी वजन बांधलेली टेप खड्ड्यात सोडली. खड्डा गढूळ पाण्यानं जवळजवळ काठोकाठ भरला होता. टेप सळ्यांच्या मधून सरसरत गेली आणि दहा मीटरवर सैल पडली. तळ लागला. मी आकडा लिहिला आणि टेप गुंडाळायला लागले.

ती येईना.

सळीत अडकली असेल म्हणून मी हळूच ताण दिला. खालूनही तेवढाच ताण आला. मी सैल सोडली. ती खालूनही सैल झाली. मग कोणीतरी दोन वेळा, अगदी बेतानं, टेप ओढली. दोर नीट बांधलाय ना हे आपण ओढून बघतो, तसं.

माझ्या हातातून टेप सुटली. सळसळत पाण्यात गेली.

"परेश… गाड्यांची इंजिनं बंद करायला सांग."

माझा आवाज ऐकून त्यानं लगेच ड्रायव्हरांना हात केला. दोन्ही गाड्या बंद झाल्या. साइटवर इतकी शांतता मी कधीच अनुभवली नव्हती. कामगार होते तिथेच थांबले. पाणी हलत नव्हतं. एक बुडबुडा नव्हता.

आणि त्या पाण्याखालून, घरातल्या माणसाकडे तांब्याभर पाणी मागावं इतक्या सहज आवाजात, कोणीतरी म्हणालं,

"सगुणा… दोर टाक."

परेशनं माझं मनगट धरलं. सगुणाबाई मात्र पुढे झाल्या. काठाशी गुडघे टेकून बसल्या. चाळीस वर्षं वाट बघितलेल्या बाईचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. तो मला अजूनही आठवतो.

"सगुणा… वर घे मना."

त्यांनी खड्ड्याकडे हात नेला. मी त्यांना धरायला वाकले, तोच त्या थबकल्या. डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत राहिल्या. मग हात हळूहळू मागे घेतला.

"बाय…" त्या माझ्या कानाशी आल्या. "हा माजा घो नाय."

"म्हणजे?"

"त्यानं मना कदी नावानं हाक नाय मारली. लगीन झाल्यापासून येकदा पण नाय. तो नुस्ता 'अगो' म्हनायचा."

पाण्याखाली सगळं शांत झालं. मला वाटलं, संपलं.

मग पाण्यातून, जरा चाचरत, नवा शब्द जिभेवर घोळवून बघावा तसं आलं,

"अगो…"

सगुणाबाईंनी दोन्ही कान गच्च दाबून घेतले.

"अगो… दोर टाक."

"भर," त्या म्हणाल्या. "बाय, तुज्या पाया पडते. भर ता. लवकर भर."

मी सही केली. पाइप खाली उतरला, गाड्या सुरू झाल्या आणि काँक्रीट जायला लागलं. वर येणारं पाणी आमच्या बुटांवरून वाहत होतं आणि ते कोमट होतं. इंजिनांच्या आवाजात दुसरं काही ऐकू आलं नाही, की कोणी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, माहीत नाही. शेवटपर्यंत सगुणाबाई तिथे उभ्या होत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "मग तो खंय गेला गो?" त्यानंतर त्या गेटवर बसायला आल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी पाइल तपासणारा माणूस आला. प्रबुद्ध त्याचं नाव. पाइलच्या डोक्यावर सेन्सर चिकटवायचा, बाजूला छोटी हातोडी मारायची. ठोका तळापर्यंत जाऊन परत येतो, त्यावरून आत काँक्रीट सलग आहे का ते स्क्रीनवर कळतं. मध्ये पोकळी असेल तर ठोका तिथूनच परततो. तीस पाइल चोख निघाले. एकतिसाव्यावर तो रेंगाळला.

"मॅडम, यात पोकळी आहे. सहा मीटरवर."

परेश म्हणाला, मशीन चुकलं असेल, परत बघा. चार दिवसांनी प्रबुद्ध दुसरं मशीन घेऊन आला. भर दुपार होती, बाजूला जेवणाचे डबे उघडले होते. त्यानं सेन्सर चिकटवला, हातोडी उचलली आणि तशीच हवेत धरून स्क्रीनकडे बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पोकळी साडेचार मीटरवर दाखवतंय."

"आधी तर सहा म्हणाला होतात."

"हो," तो म्हणाला. हातोडी त्यानं अगदी जपून मातीवर ठेवली. "पण मॅडम… मी अजून ठोका मारलाच नाहीये."